मुंगीचं वाक्य

सोमवार, ३ तारीख

जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं वाचली, आता या वयात स्वतःची लिहायला बसलोय. काम लावलंय वाचाबाईंनी. वाचाबाई म्हणजे लहान मुलांना बोलायला शिकवणाऱ्या बाई. त्यांच्या हुद्द्याचं खरं नाव इतकं लांबलचक आहे की ते ज्याला उच्चारता येईल त्याला त्यांच्याकडे जायची गरजच नाही. त्या म्हणाल्या, "आजोबा, मुंगी दिवसभर तुमच्याजवळ असते. घरात ती काय काय बोलते ते लिहून ठेवत जा." त्यांच्यासाठी वेगळा कागद करीन. ही वही माझी.

मुंगी माझी नात, साडेतीन वर्षांची. जन्मली तेव्हा ओंजळीत मावत होती म्हणून मुंगी. कान तपासून झाले, ठणठणीत आहेत. सगळं समजतं तिला. चपला आण म्हटलं तर माझी डावी-उजवी जोडीने लावून ठेवते, जे तिच्या बापाला अजून जमत नाही. फक्त बोलत नाही. मिठाची गुळणी धरल्यासारखी बसते. लेक सकाळीच रक्त तपासायच्या लॅबमध्ये जाते, जावई बोटीवर असतात आणि सहा महिन्यांनी उगवतात. त्यामुळे मुंगीला उठवणं, भरवणं, शाळेत सोडणं, आणणं हे खातं माझ्याकडे.

आजचं बोलणं: सकाळी कपाटासमोर उभी राहिली. मी विचारलं, "काय हवं? बिस्किट? बिस्किट हवंय ना आमच्या मुंगीला? म्हण, बिस…" मान हलवली. दिलं. दुपारी काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं, पण तोवर मी पाणी आणलंच होतं. संध्याकाळी काही नाही.

बुधवार, ५

शाळेत बोलावलं होतं. बालवर्गातल्या ताई चांगल्या आहेत, पण फार हळू. चटईवर मुंगीच्या समोर मांडी घालून बसल्या आणि विचारलं, "मुंगी, आज डब्यात काय आणलंस?"

मी म्हटलं, "उकडलेलं अंडं."

ताई हसल्या. "आजोबा, मी तिला विचारलं."

"हो ना, म्हणूनच सांगितलं. नाहीतर तुम्हाला कळणार कसं?"

मग त्यांनी मुंगीला ठोकळ्यांकडे पाठवलं आणि मुद्द्यावर आल्या. सत्र संपताना कुणाला वरच्या वर्गात घ्यायचं ते ठरतं. वरच्या वर्गात मुलं दुप्पट आणि ताई एकच. पडलं, दुखलं, शू लागली एवढं तरी ज्या मुलाला सांगता येत नाही त्याला तिथे घ्यायचं म्हणजे जोखीम. "तिने एक शब्द जरी बोलून दाखवला तरी मी मोठ्या बाईंशी भांडेन," असं म्हणाल्या. नाहीतर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला वेगळी शाळा आहे, ती बघा.

मी म्हटलं, काळजी करू नका. मी नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होतो. विंगेत अंधारात उभं राहून नटाच्या आधी अर्धा श्वास त्याचं वाक्य पुटपुटायचं, हा माझा धंदा. भलेभले बोलते केले. एक नायक तर असा होता की स्वतःच्या लग्नात नाव घ्यायलासुद्धा माझ्याकडे बघत होता. माझ्या हयातीत रंगमंचावर कधी शांतता पडली नाही. या एवढ्याशा पोरीचं काय घेऊन बसलात!

ताई मुंगीकडे बघत राहिल्या. ती ठोकळ्यांवर ठोकळे रचत होती.

गुरुवार, ६

मुंगीसाठी संहिता तयार केली. 'मला पाणी हवं.' 'मला शू लागली.' 'माझं बोट दुखतंय.' 'हा ठोकळा माझा.' छोटी वाक्यं, जोडाक्षर जवळजवळ नाही. जेवण झाल्यावर तालीम. मी वाक्य सांगतो, ती माझ्या ओठांकडे टक लावून बघते. इतकं लक्ष एकाही नटाने दिलं नव्हतं. तिचे ओठ माझ्याबरोबर हलतात, आवाज तेवढा माझाच येतो. पाया पक्का होतोय.

मंगळवार, ११

वाचाबाई घरी आल्या होत्या. मी तालीम करून दाखवली. त्यांनी सगळी बघितली आणि म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही खूप कष्ट घेताय. आता एक कराल? तिला काही विचारलंत की थांबा."

"किती?"

"ती बोलेपर्यंत."

"आणि नाही बोलली तर?"

"तरी थांबा. तिच्याकडे बघत, मजेत. तिला वेळ लागतो. तिचं वाक्य तिला शोधू दे."

शोधू दे म्हणे! वाक्य काय हरवलेला मोजा आहे? मी इतकी वर्षं काय केलं? माणसाला शोधायची वेळ येऊ नये हेच तर केलं. आमच्या कंपनीत एक बडे नट होते, त्यांना मधेच गप्प उभं राहायची खोड. एका प्रवेशात बापाच्या मरणाची बातमी ऐकून हे महाशय प्रेक्षकांकडे पाठ करून उभे. बोलेचनात. मी दिलं वाक्य, चांगलं खणखणीत. पडदा पडल्यावर माझ्या अंगावर धावून आले. "अरे गाढवा, मी विसरलो नव्हतो! तो माझा पॉज होता!" मला सांगा, विसरलेला माणूस आणि पॉज घेतलेला माणूस पाठीमागून वेगळा दिसतो का? शेवटी त्यांनी मालकांना सांगून मला दोन प्रयोग घरी बसवलं. अजून पटलेलं नाही.

वाचाबाईंना हे सगळं सांगितलं. त्यांनी पर्स उचलली, पुन्हा खाली ठेवली आणि विचारलं, "त्या नटाला नंतर काय म्हणायचं होतं, तुम्ही कधी विचारलंत?" कशाला विचारायचं? संहिता माझ्याच हातात होती.

शुक्रवार, १४

थांबून बघितलं. "मुंगी, लाल झगा की निळा?" एवढं विचारून ओठ घट्ट मिटले. घड्याळ वाजतंय, नळ ठिबकतोय, ती झग्यांकडे बघतेय.   तिने माझ्याकडे बघितलं आणि मला राहवलं नाही. "लाल ना? लालच!" घातला लाल.

बाहेर पडताना तिने मागे वळून निळ्याकडे बघितलं. बहुतेक घडी नीट आहे का ते बघत असेल. फार टापटिपीची आहे.

शनिवार, १५

लेकीला सुट्टी होती. दुपारी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "बाबा, मला…"

"चहा. ठेवतो."

चहा दिला. ती कप हातात धरून बसली. मग म्हणाली, "मुंगीच्या बाबतीत मला असं वाटतं की आपण…"

"कमी पडतोय. मलाही तेच वाटतं. उद्यापासून सकाळीही तालीम घेतो."

तिने चहा अर्धा टाकला. पहिल्यापासून मितभाषी, आईवर गेलीय. आमच्या हिचंही तसंच होतं. सगळा संसार झाला, पण आमचं एकदाही भांडण झालं नाही. लोक हेवा करायचे.

बुधवार, १९

आज अक्षर वाकडंतिकडं येतंय, समजून घ्यावं.

शाळेत मुंगीचं बोट दारात सापडलं. दप्तरं ठेवायच्या खोलीचं दार, बिजागरीकडची फट. वाऱ्याने दार लोटलं गेलं असणार. बाकीची मुलं अंगणात होती. मुलं आत आली, ताईंनी डोकी मोजली, एक कमी, म्हणून शोधायला गेल्या. तर ही दाराला लागून उभी. बोट फटीत. नख काळंनिळं झालेलं. ओरडली नाही, रडली नाही, दारावर थापसुद्धा मारली नाही.

मला बोलावून घेतलं. हाड मोडलेलं नाही, डॉक्टरांनी पट्टी बांधली. ताई स्वतः रडत होत्या. म्हणाल्या, "किती वेळ उभी होती कोण जाणे. आजोबा, ती फाटकाकडे बघत होती. खिडकीतून ते फाटक दिसतं ना, तुम्ही रोज येता ते."

माझ्यावर केवढा जीव आहे पोरीचा! इतक्या दुखण्यात तिला मीच आठवलो. आणि मी तेव्हा घरी तिच्यासाठी अंडं उकडत होतो. 'माझं बोट दुखतंय' हे वाक्य आपण किती वेळा घोकलं होतं! नेमकं तेच.

कुशीत घेतल्यावर मात्र रडली. मी विचारलं, "फार दुखलं ना? भीती वाटली ना? आजोबा कुठे गेले असं वाटलं ना?" प्रत्येकाला मान हलवली.

गुरुवार, २०

लेक रजा टाकून घरी होती. मुंगीला झोपवलं आणि बाहेर येऊन माझ्यासमोर बसली. ती रागावते तेव्हा तिचा आवाज खाली जातो.

"बाबा, ती रडली का नाही, कळतंय का तुम्हाला?"

"घाबरली होती."

"तिला वाटलं तुम्ही याल आणि सांगाल."

"मग सांगितलंच असतं की! मला कुठे ठाऊक होतं?"

तिने कपाळाला हात लावला. मी म्हटलं, "अगं, होईल सगळं नीट. तूही लहानपणी अशीच शांत, शहाणी होतीस."

"मी शहाणी नव्हते, बाबा. मला कधी…"

"गाण्याला घातलं नाही, माहितीये. तेव्हा क्लासची वेळ जमत नव्हती."

ती मग म्हणाली की तिच्या लॅबच्या इमारतीत कामावरच्या बायकांच्या मुलांसाठी पाळणाघर आहे. तिने मुंगीचं नाव घालून ठेवलंय. शाळा सुटली की तिथली बाई न्यायला येईल, संध्याकाळी दोघी एकत्र घरी येतील. "तुम्ही मुद्दाम काही करत नाही, मला माहितीये. पण तुम्ही तिला दोन मिनिटं तरी… जाऊ दे. शाळेचा कार्यक्रम आहे अठ्ठावीसला. तो होऊ दे, मग ठरवते."

म्हणजे घोडामैदान जवळच आहे. कार्यक्रमात मुंगी बोलली तर वरचा वर्गही मिळेल आणि पाळणाघरही टळेल. नाही बोलली तर दोन्ही गेलं. मग सकाळी सगळे गेल्यावर मी या घरात कुणाच्या चपला शोधायच्या?

सोमवार, २४

ताईंनी छोटं नाटुकलं बसवलंय. रस्त्यात हत्ती झोपलाय. दूधवाला येतो, पोस्टमन येतो, पोलीस येतो, शाळेची गाडी येते, सगळे त्याला उठवतात. हत्ती उठत नाही. शेवटी मुंगी येते, त्याच्या कानात म्हणते, "ऊठ." हत्ती उठतो. पडदा.

मुंगी कोण, हे सांगायला नकोच. एक शब्द, दोन अक्षरं. सबंध नाटकाचा शेवट तिच्यावर. ताईंना विचारलं, "एवढी जोखीम?" त्या म्हणाल्या, "एवढाच शब्द आहे, आजोबा. आणि घाई कुणालाच नाही. हत्तीला सांगून ठेवलंय, ती बोलेपर्यंत झोपून राहायचं."

हत्ती म्हणजे वर्गातला गुटगुटीत मुलगा आहे. झोपायचं काम त्याला मनापासून आवडलेलं दिसतं.

बुधवार, २६

तालीम, तालीम, तालीम. मी उशीला हत्ती करतो. "ऊठ. म्हण, ऊ…" ओठांचा चंबू होतो. आवाज नाही. पालथ्या घड्यावर पाणी. आज मी चिडलो. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडलो, "एक शब्द आहे गं! एक!" तिने उशी उचलली, न्हाणीघरात नेली आणि दार लोटून घेतलं. मी दाराला कान लावला. आतून काहीतरी कुजबुज आल्यासारखं वाटलं. दार उघडलं तर गप्प. उशी मांडीवर.

या वयात मला कानाचे भास व्हायला लागलेत. मला काय करावं काही कळत नाही.

शुक्रवार, २८

सगळं क्रमाने लिहितो, कारण डोक्यात त्याचा क्रम लागत नाही.

वर्गातली बाकं हलवून खुर्च्या मांडल्या होत्या. दाराशी ताईंनी मला अडवलं. "आजोबा, एकच विनंती. तुम्ही मागच्या रांगेत बसा." मी तयारीने गेलो होतो. तोंडात पेपरमिंट, हातात रुमाल. लेक शेजारी बसली. तिने माझा हात हातात घेतला, बऱ्याच वर्षांनी. धीर द्यायला की धरून ठेवायला, ते कळलं नाही.

दूधवाला आला, बोलला. पोस्टमन बोलला, दोनदा बोलला. पोलीस शिट्टी गिळता गिळता वाचला. शाळेची गाडी भिंतीवर आपटून हसत सुटली. हत्ती झोपलेला, एक डोळा उघडा. मग मुंगी आली. डोक्यावर तारेच्या दोन मिशा, बोटाला पट्टी. हत्तीच्या कानाशी गुडघे टेकून बसली.

आणि शांतता पडली.

मोठ्या बाई पहिल्याच रांगेत. कुणाची तरी खुर्ची करकरली. मुंगीने मान वर केली आणि सगळ्या डोक्यांमधून मला शोधून काढलं. ती नजर मी विंगेत शेकडो वेळा बघितली आहे. मी रुमाल दातात धरला. लेकीची बोटं माझ्या हातावर आवळली. मुंगीने नजर काढली, हत्तीच्या कानाकडे वळली. काही नाही. अजून काही नाही.  वरचा वर्ग चालला, पोर चालली, सगळं चाललं माझ्या डोळ्यांदेखत, आणि शब्द तर माझ्या तोंडात तयार.

"ऊठ!"

इतका स्वच्छ आवाज गेला की गाडी हसायची थांबली. मोठ्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा माझा आवाज, त्या खोलीचं काय! हत्ती ताडकन उठून उभा राहिला. पालकांनी टाळ्या वाजवल्या.

लेकीने माझा हात सोडला. ती एवढंच म्हणाली, "बाबा, तिचं तोंड उघडलं होतं."

मी बघितलं. उघडंच होतं. अजूनही.

मग जे झालं ते संहितेत नव्हतं. मुंगी उठली. मिशा तिरक्या झाल्या होत्या. तिने पट्टी बांधलेल्या हातानेच हत्तीला पोटावर ढकललं. हत्ती हलेना. तिने दोन्ही हातांनी ढकललं, तसा तो बिचारा मटकन खाली बसला. मग ती माझ्याकडे वळली. एवढा राग मी त्या चेहऱ्यावर कधी बघितलेला नाही. पाय आपटून मोठ्याने म्हणाली,

"मी!"

टाळ्या थांबल्या. हत्ती पुन्हा आडवा झाला, डोळे मिटून घेतले. ती पुन्हा गुडघ्यावर बसली. पुन्हा ती शांतता, आणि या वेळी मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. ती वाकली, त्याच्या कानात काहीतरी म्हणाली. पहिल्या रांगेलासुद्धा ऐकू गेलं नाही. हत्ती खुदकन हसला आणि उठला.

सगळे उभे राहिले. ताईंनी डोळे पुसले. मोठ्या बाई लेकीला म्हणाल्या, "वरच्या वर्गात पाठवा. एकच शब्द आहे, पण तिचा आहे." मी जवळ जाऊन सांगितलं की वाक्यात 'मी' नाही, ते चुकून आलं. ताई मुंगीच्या मिशा सरळ करायला गेल्या.

बाहेर पडताना हत्तीला गाठून विचारलं, "काय म्हणाली रे ती तुझ्या कानात? ऊठ म्हणाली ना?"

तो म्हणाला, "नाही सांगणार. मलाच सांगितलंय तिने."

तोच दिवस, संध्याकाळ

घरी येताना मुंगी लेकीचं बोट धरून पुढे चालत होती, मी मागे. एरवी माझं धरते. घरी आल्यावर मी विचारलं, "दमलीस ना?" तिने मान हलवली नाही. माझ्याकडे बघत राहिली. मी पुढचं विचारणार होतो, तेवढ्यात आठवलं आणि गिळलं. ती कपाटाकडे गेली, उभी राहिली. मी उठलो नाही. गुडघे धरून बसून राहिलो. बिस्किट की आणखी काही, देव जाणे. ती थांबली, मग तशीच निघून गेली. माझ्यामुळे पोर उपाशी राहिली की काय, तेही कळत नाही. बोललो तरी गुन्हा, न बोललो तरी गुन्हा.

त्या बड्या नटाची सारखी आठवण येतेय. बातमी ऐकून पाठ करून उभा राहिला होता तो. पुढचं वाक्य मला पाठ होतं. पण त्या रात्री त्याला ते कसं म्हणायचं होतं, हे काही संहितेत लिहिलेलं नव्हतं.

आत्ता लेक दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "बाबा, सोमवारपासून मुंगीला…" आणि थांबली.

पुढचं मला ठाऊक आहे. पाळणाघर. जिभेवर तयार आहे, एका श्वासात देता येईल, म्हणजे तिलाही जड जाणार नाही. दिलं नाही. लेखणी उचलली, कारण हात चालू असला की तोंड बंद राहतं. ती काही बोलत नाही. दाराची चौकट धरून उभी आहे, तोंड किंचित उघडं. असं तोंड उघडं ठेवून ती किती वेळा उभी राहिली असेल, आणि मी चहा ठेवायला गेलो असेन.

घड्याळ वाजतंय, नळ ठिबकतोय. आता मी मान वर करत नाही. तिला जे म्हणायचंय ते ती म्हणेपर्यंत मी हीच ओळ लिहीत राहणार आहे.